घरी बांधलेल्या होडीसाठी स्वस्तातलं शीड: कापड निवडण्यापासून ते वाऱ्यावर चढवण्यापर्यंत

होडी घरी बांधणाऱ्यांचं गाडं बहुतेक वेळा शिडापाशी अडतं. प्लायवूड कापून, चिकटवून, रंग देऊन होडी तयार होते, डोलकाठीला सरळ बांबू नाहीतर लाकडाचा वासा मिळून जातो, आणि मग शिडाच्या खास कापडाचा भाव काढला की लक्षात येतं, अख्ख्या होडीला आला नाही एवढा खर्च ह्या एका कापडाला येणारे. मग एक तर काम तसंच पडून राहतं, नाहीतर हाताला लागेल ती ताडपत्री कापून लावली जाते आणि होडी वारा येतो त्या बाजूकडे तिरकी चढतच नाही म्हणून वैताग होतो. दोन्हीची गरज नाहीये. स्वस्त कापडाचं चांगलं शीड बनतं, फक्त कापडात काय बघायचं ते आधी कळायला हवं. बहुतेक जण मजबुती बघतात, पण छोट्या होडीला मजबुती जवळपास कुठलंही बरं कापड पुरवतं. बघायचा असतो तो ताण, म्हणजे ओढल्यावर कापड किती लांबतं आणि सोडल्यावर परत जागेवर येतं का.

खास कापडात असं असतं काय

डेक्रॉन म्हणून जे शिडाचं कापड मिळतं ते शेवटी पॉलिस्टरच असतं. फरक असा की ते फार घट्ट विणतात, मग गरम करून आक्रसवतात, त्यात रेझिन भरतात आणि तापलेल्या रोलरमधून दाबून काढतात, त्यामुळे उभे-आडवे धागे एकमेकांत जखडून बसतात. हे कापड शिडांसाठी आलं १९५० च्या दशकात. त्याआधी कित्येक शतकं लोक सुती आणि जवसाच्या धाग्याच्या शिडांवर समुद्र पार करत होते, तेव्हा साध्या कापडाचं शीड म्हणजे काहीतरी कमअस्सल असं मनात आणू नका.

आता जखडून का ठेवायचं? कुठलंही विणलेलं कापड घ्या, धाग्याच्या दिशेने ओढलं तर फारसं लांबत नाही, पण कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं ओढलं की लगेच लांबतं, कारण तिरक्या दिशेला धागाच नसतो, विणीची चौकटच वाकडी होते. शिडावर ताण सगळ्या दिशांनी येतो, त्यामुळे तिरका ताण हा प्रत्येक स्वस्त कापडाचा कच्चा दुवा. ताणलं गेलेलं शीड मागच्या बाजूला फुगतं, नेमकं वारा वाढल्यावर खोल होतं, आणि होडी पुढे जायच्या ऐवजी आडवी कलायला लागते.

वजनाचं म्हणाल तर छोट्या होड्यांचं डेक्रॉन साधारण १३० ते १७० जीएसएमचं असतं (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन). हा आकडा डोक्यात ठेवा, पर्यायी कापडाची तुलना करायला बरा पडतो.

आधी शीड कुठल्या प्रकारचं ते ठरवा, मग कापड

हा क्रम उलटा केला की कापडावर नको तेवढी जबाबदारी पडते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वारा दुप्पट झाला की जोर चौपट. सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात एका चौरस मीटरवर साधारण ६ किलोचा दाब येतो, ५ चौरस मीटरच्या शिडावर झाला ३० किलो, आणि शिडाच्या आकारामुळे प्रत्यक्षात थोडा अजून. निम्म्या वाऱ्यात हाच आकडा साडेसात किलोवर येतो. हा जोर सगळ्या कापडावर पसरला तर काहीच नाही, पण तो शेवटी तीन-चार कोपऱ्यांतून दोरीकडे जातो म्हणून फाटलंच तर कोपऱ्यात फाटतं. तळ्यात, खाडीत शांत वाऱ्यात फिरणाऱ्यासाठी ताडपत्री भरपूर झाली.

उंच तिकोनी शीड, ज्याची पुढची लांब कड डोलकाठीला घट्ट ताणून बांधतात, त्याला कापड कमीत कमी ताणणारं लागतं, स्वस्त कापडाचा तिथे निभाव लागणं कठीण. त्यापेक्षा वर तिरकी आडकाठी असलेलं चौकोनी शीड, किंवा कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका दांडा टेकवलेलं शीड, किंवा दोन काठ्यांमध्ये खेकड्याच्या नांगीसारखं पसरलेलं शीड, ह्यांच्या कडा काठ्यांनी धरलेल्या असतात आणि ताण कमी असतो. सगळ्यात सोशिक म्हणजे चिनी जंक पद्धतीचं शीड. त्यात आडव्या पट्ट्या अख्ख्या रुंदीभर असतात, जोर पट्ट्यांवर वाटला जातो, आणि एखादा भाग फाटला तरी चीर पुढच्या पट्टीपाशी थांबते. कापड अगदी साधं असेल तर मी डोळे झाकून ह्या कमी ताणाच्या प्रकारांतलंच एक घ्या म्हणेन.

कापड हातात घेऊन करायच्या टेस्ट

विकत घ्यायच्या आधी एक हातभर तुकडा मिळवा. त्यावर पेनाने धाग्याला तिरक्या दिशेत, म्हणजे ४५ अंशात, दोन ठिपके काढा, बरोबर ३० सेंटिमीटर अंतरावर. ठिपक्यांपाशी मुठीत धरून जमेल तेवढ्या जोरात ओढा आणि कोणालातरी टेपने मोजायला सांगा. एक सेंटिमीटरच्या आत लांबलं तर उत्तम, दोन-अडीचपर्यंत कमी ताणाच्या शिडाला चालेल, त्याच्या पुढे गेलं तर ते कापड सोडा. मग ढिलं सोडून परत मोजा. इथे खरा निकाल लागतो, कारण लांबून परत येणारं कापड वापरता येतं, पण लांबून तसंच राहणारं कापड शिडाचा आकार घालवतं आणि तो दुरुस्त होत नाही.

मग तोंडाला घट्ट लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर वारासुद्धा जाणार. त्यानंतर कडेला कात्रीने छोटा छेद द्या आणि हाताने फाडून बघा. काही कापडं आख्खी असताना तुटता तुटत नाहीत पण एकदा छेद पडला की सरसर फाटत जातात. तुकडा कोरडा असताना वजन करा, भिजवून झटकून परत करा, जो फरक येईल तेवढं जास्तीचं वजन डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत चढणार आहे आणि छोट्या होडीचा तोल वर जड झाला की पटकन जातो.

उन्हाची टेस्ट वेळखाऊ आहे पण सोपी. एकाच तुकड्याच्या दोन पट्ट्या कापा, एक कपाटात ठेवा, एक छतावर उन्हात बांधा. महिन्या-दोन महिन्यांनी दोन्ही ओढून, चुरगाळून बघा. कापड स्वस्त असताना ते कशाने संपतं याचं उत्तर जवळपास नेहमी ऊन हेच असतं.

ताडपत्री

पॉलिथिनची ताडपत्री हा सगळ्यात सहज मिळणारा पर्याय आणि पहिल्या शिडासाठी माझी पहिली पसंती, म्हणून जरा सविस्तर सांगते. कापलेल्या कडेला नख लावून वरचा पापुद्रा उचला, आत प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्यांची वीण दिसेल आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पातळ थर चढवलेला असेल. ताकद सगळी त्या विणीत, आणि हवा-पाणी अडवायचं काम थराचं. एका इंचात किती पट्ट्या आहेत ते मोजा. स्वस्तातल्या निळ्या ताडपत्रीत आठच्या आसपास असतात, चांगल्या मालात १२, १४, १६ पर्यंत जातात. वीण जितकी दाट तितकं तिरकं कमी ताणतं, त्यामुळे नुसती जाडी बघून फसू नका, विरळ विणीवर जाड थर चढवूनही वजन वाढवता येतं.

वजनात हलकी ताडपत्री ८०-१०० जीएसएमची असते, जाड १५०-२०० ची. ४ ते ८ चौरस मीटरच्या शिडाला १२० ते १७० मधली छान बसते. त्याहून जाड घेतली तर हलक्या वाऱ्यात शीड भरतच नाही, नुसतं लोंबतं.

रंगाचाही संबंध आहे. पॉलिथिनला उन्हापासून वाचवायला काजळीचा काळा रंग सगळ्यात चांगला, पण काळं शीड तापतं फार. पांढऱ्या आणि चंदेरीत ऊन अडवणारी द्रव्यं घातलेली असतात, टिकतात बऱ्यापैकी. पातळ निळी आणि पारदर्शक ह्या दोन्ही रोज उन्हात राहणार असतील तर घेऊ नका, एखाद्या मोसमातच त्यांचे पापुद्रे सुटायला लागतात.

अजून तीन बारीक गोष्टी. ताडपत्रीवर लिहिलेलं माप बऱ्याचदा कापताना असलेलं असतं, कडा दुमडल्यावर ती त्याहून लहान भरते, म्हणून घरी येऊन मापं टाकायच्या आधी मोजा. मोठी ताडपत्री मधे जोडलेली असते, तो जोड शिडाच्या कुठे येणार ते बघून कापणी ठरवा, मागच्या कडेजवळ तो नको. आणि कडेला आधीच ठोकलेल्या रिंगांवर शिडाचा कोपरा बांधायचा नाही, त्या झाकण बांधायच्या कामाच्या आहेत, शिडाच्या झटक्याला उपटून येतात.

बाकीचे पर्याय

मोठ्या होडीचं जुनं, टाकून दिलेलं डेक्रॉन शीड मिळालं तर ताडपत्री विसरा. त्याची मागची कड आणि कोपरे उन्हाने, फडफडीने गेलेले असतात पण मधला भाग पुष्कळदा चांगला निघतो, आणि छोट्या होडीला तेवढा पुरतो. नखाने शिवण खरवडून बघा. दोरा तुटत असेल तर काळजी नाही, परत शिवता येतं, पण कापडालाच छेद देऊन ओढल्यावर कागदासारखं फाटलं तर ते गेलं. फार जाड असेल तर मात्र छोट्या होडीला घेऊ नका, मोठ्या होडीचं कापड कडक असतं आणि हलक्या वाऱ्यात आकारच धरत नाही.

टायवेक, म्हणजे घराच्या भिंतींना बाहेरून गुंडाळतात ते पांढरं कापड, हे विणलेलं नसून पॉलिथिनचे बारीक तंतू एकमेकांवर पसरून दाबलेलं असतं. धागाच नाही म्हटल्यावर तिरका ताण वेगळा असा नसतोच, ही त्याची खासियत. वजन साधारण ६० जीएसएम, म्हणजे फार हलकं. पण भिंतीवर झाकायच्या आधी ते उघडं ठेवायची मर्यादा बनवणारी कंपनीच साधारण चार महिने सांगते, तेव्हा शीड वापरून झालं की लगेच उतरवून सावलीत ठेवायची शिस्त हवी. छोट्या, हलक्या वाऱ्याच्या शिडाला किंवा नुसता आकार जमतोय का हे बघायच्या कच्च्या शिडाला फार छान.

नायलॉन, ज्याला बाजारात पॅराशूटचं कापड म्हणतात, ते हलकं आणि मजबूत असतं, पण ताणतं आणि पाणी पिऊन अजून ढिलं होतं. वारा मागून असताना लावायच्या फुगीर शिडाला हेच वापरतात, तिथे ताण चालतो. वाऱ्याकडे तिरकं चढायच्या शिडाला नको. तंबूचं कोटिंग केलेलं पॉलिस्टर मात्र दोन्ही दृष्टींनी बरं, पाणी जवळपास पीत नाही आणि नायलॉनपेक्षा कमी ताणतं. तंबूचं किंवा छत्रीचं कापड घेताना ते नायलॉन आहे की पॉलिस्टर हे आवर्जून विचारा, दिसायला दोन्ही सारखीच.

सुती कॅनव्हास आणि घट्ट विणीचा मांजरपाट ह्यांचा स्वभाव वेगळा आहे. सुती धागा ओला झाल्यावर उलट जास्त मजबूत होतो, वीणही फुगून दाट होते, आणि हाताळायला, शिवायला हे सगळ्यात सुखाचं कापड. पण ओलं ठेवलं की बुरशी धरतं, आणि नवीन असताना आटतं, म्हणून कापायच्या आधी एकदा भिजवून वाळवून घ्या. पहिले काही दिवस हलक्या वाऱ्यातच वापरायचं म्हणजे सगळीकडून सारखं ताणून बसतं. जुन्या धाटणीच्या लाकडी होडीवर दुसरं काही शोभतही नाही.

फ्लेक्सचं बॅनर फुकट मिळतं म्हणून मोह होतो, पण ते ३०० जीएसएमच्या आसपास किंवा जास्तच असतं, आतली जाळी विरळ असते आणि घड्या पडून तडे जातात. बॅनर होडी झाकायला ठेवा. खताच्या-सिमेंटच्या विणलेल्या गोण्या उन्हात लवकर ठिसूळ होतात, शेडनेटमधून वारा आरपार जातो, साधी प्लास्टिक शीट ताणते ती परत येत नाही. ह्या चारींत वेळ घालवू नका.

आखणी आणि कापणी

मोठी सपाट फरशी लागेल. कोपऱ्यांच्या जागी खुणा करून दोरी ताणा, शिडाची चौकट दिसू दे. आता धाग्याची दिशा: शिडाच्या मागच्या मोकळ्या कडेला काठीचा आधार नसतो, म्हणून कापडाचा सरळ धागा त्या कडेला समांतर आलाच पाहिजे. पुढची आणि खालची कड तिरकी कापली गेली तरी काठी किंवा कडेतली दोरी तिला सांभाळते. एवढी एक गोष्ट पाळली तरी ताडपत्रीचं शीड कितीतरी सुधारतं.

सपाट कापडाचं शीड सपाटच राहतं आणि त्यात जोर नसतो, त्याला पोट लागतं. शिडाच्या रुंदीच्या १० टक्के खोली ही चांगली सुरुवात, आणि सगळ्यात खोल जागा पुढच्या कडेपासून ४०-४५ टक्क्यांवर. २ मीटर रुंदीला १० टक्के पोट हवं तर कापड फक्त ५ सेंटिमीटर जास्त लागतं. हे जास्तीचं कापड दोन तऱ्हांनी आणायचं. पुढची आणि खालची कड सरळ न कापता लवचिक पट्टी वाकवून हलकी बाहेर गोलाई देऊन कापायची, मग ती सरळ काठीला बांधली की ते कापड आत ढकललं जाऊन पोट तयार होतं. काठी वाऱ्यात वाकणारी असेल तर तेवढी गोलाई अजून वाढवा. शिवाय ब्लाऊजला टक्स घालतात तसे खालच्या दोन कोपऱ्यांजवळ टक्स घालायचे, कडेला २-३ सेंटिमीटरची चिमूट आणि आत अर्ध्या मीटरवर शून्य. टक्स आधी नुसत्या टेपने धरून शीड आडवं टांगून बघा, आकार पटला की मगच शिवा. जंक शीड बनवत असाल तर पहिलं सपाट केलं तरी चालतं.

कडेला ४-५ सेंटिमीटर दुमडण्यासाठी सोडा. पॉलिस्टर-नायलॉनच्या कडा तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने (डाग द्यायच्या विजेच्या हत्याराने) कापल्या की तिथल्या तिथे वितळून बंद होतात. ताडपत्रीला हे करू नका, पॉलिथिन १३० अंशांच्या आसपासच वितळतं आणि कड गोळा होऊन येते, तिला धारदार कात्रीच बरी.

शिवण

पॉलिथिनवर कुठलाही नेहमीचा गोंद धरत नाही, त्यामुळे चिकटवून काम भागवायचा विचार सोडा. गालिच्याखाली लावतात ती दुहेरी चिकट टेप मात्र जोड जागेवर धरून ठेवायला उत्तम. स्पिरिटने पुसा, टेप लावा, कडा जुळवा, घट्ट दाबा आणि वरून शिवा. घरच्या मशीनवर १६ किंवा १८ नंबरची सुई, झिगझॅग टाका, लांबी ४-५ मिलिमीटर. टाके बारीक घेतले तर भोकांची रांग होऊन ताडपत्री तिथेच फाटते. झिगझॅग अशासाठी की कापड ताणलं तरी दोरा तुटत नाही. दोन ओळी मारा. दोरा जाड पॉलिस्टरचा, बॅगा शिवायचा, सुती दोरा कापडाच्या आधी कुजतो. मशीनचा पाय प्लास्टिकला चिकटत असेल तर मधे पातळ कागद घालून शिवा, नंतर फाडून काढता येतो.

सगळ्या कडा दुमडून आत दोरी घाला, निदान पुढच्या आणि खालच्या कडेत तरी.

कोपऱ्यांवर मन लावून काम करा. प्रत्येक कोपऱ्यात तीन पॅच, सगळ्यात मोठा २५-३० सेंटिमीटरचा आणि पुढचे प्रत्येकी पाचेक सेंटिमीटर लहान, म्हणजे जोर पायरीपायरीने कापडात उतरतो. पॅचचा धागा शिडाच्या धाग्याच्याच दिशेत ठेवा, नाहीतर पॅच आणि शीड वेगवेगळं ताणून कडेला सुरकुत्या पडतात. मागचा खालचा कोपरा, जिथे हातातली दोरी येते, तिथे नुसती ठोकलेली रिंग पुरत नाही. जुन्या गाडीच्या सीटबेल्टचा पट्टा घ्या, तो स्टीलच्या रिंगमधून ओवून शिडाच्या दोन्ही बाजूंनी १५-२० सेंटिमीटर आत जाईल असा तीन दिशांना शिवा. डक्ट टेप इथे चालणार नाही, उन्हात तिचा डिंक पातळ होऊन घसरतो.

आणि शक्य असेल तर खालून चौथ्या हिश्श्यावर एक आडवी पट्टी शिवून तिच्यात रिंगा घाला, वारा वाढला की शीड तेवढं गुंडाळून लहान करता येतं.

चढवून बघताना

आधी जमिनीवर, अगदी हलक्या वाऱ्यात. कोपऱ्यातून पंख्यासारख्या सुरकुत्या निघत असतील तर तिथली दोरी जास्त ताणली आहे किंवा पॅच खेचतोय. मागची कड फडफडत असेल तर ती ढिली आहे, तिच्या दुमडीत बारीक दोरी ओवून किंचित ताणा, पण इतकी नाही की कड आत वळेल. पुढच्या कडेला आडव्या सुरकुत्या दिसल्या तर ती कड अजून ताणायला हवी. मग पाण्यात किनाऱ्याच्या जवळ, लाइफ जॅकेट घालून, वल्ही होडीत ठेवून, आणि वारा किनाऱ्याकडे वाहत असताना, म्हणजे काही सुटलं तरी वारा तुम्हाला परतच आणेल. अर्ध्या तासाने उतरवून सगळे कोपरे हाताने चाचपून बघा, टाक्यांची भोकं लांबट झालेली दिसली तर तिथे अजून एक पॅच हवा.

टिकवायचं कसं

फडफडू देऊ नका, उन्हात टाकू नका, घड्या घालू नका. काठीवर नाहीतर पाइपवर गुंडाळा, खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, झाका. छोटी चीर दिसल्या दिवशी दोन्ही बाजूंनी पॅच लावून शिवा.

महिन्यातून एकदा ताडपत्री नखाने खरवडा. पांढरी भुकटी किंवा चपट्या तुसांचे तुकडे हाताला लागले की ते शीड उतरवायचं, अजून थोडं चालेल म्हणत ताणायचं नाही, कारण त्यातून गळणारा प्रत्येक तुकडा पाण्यात जातो आणि तिथेच राहतो. रिंगा, सीटबेल्टचे पट्टे, कडेतल्या दोऱ्या कापून ठेवा. शिवण उसवून जुनं कापड फरशीवर पसरा आणि पुढच्या शिडाचा साचा म्हणून वापरा. जिथे ते ताणून वाढलेलं दिसेल तिथे मूळ मापाकडे परत या, आणि जिथे पोट कमी पडत होतं तिथे गोलाई एखाद सेंटिमीटर वाढवून आखा.